डावं-उजवं

टेपबाई सकाळी मापाच्या खोलीत शिरली, तेव्हा तिच्या टेबलावर एक कागद पडला होता आणि त्यावर लाल पेनानं एकच आकडा लिहिला होता. एक्याऐंशी. खाली व्यवस्थापकांची सही. तिनं कागद उलटा करून पाहिला, मागे काहीच नव्हतं.

"एकशेवीस जोड्यांपैकी एक्याऐंशी बेजोड, डाव्याला उजवा जुळत नाही," व्यवस्थापक दारातूनच म्हणाले. "चार वाजता मालकीणबाईंच्या खोलीत या. मामांनाही बोलावलंय."

टेपबाई स्टुलावर बसली आणि गळ्यातली टेप उगाच बोटाभोवती गुंडाळत राहिली.

कारखाना हातमोज्यांचा. जाड चामड्याचे, आग विझवायला जाणाऱ्या माणसांनी घालायचे. डाव्या-उजव्याच्या मापात तीन मिलिमीटरपर्यंत फरक चालतो, त्याहून जास्त झाला की एका हाताचं बोट टोकाला रिकामं राहतं आणि दोर निसटतो. म्हणून प्रत्येक हातमोज्याचं मधलं बोट मोजायचं, ते काम टेपबाईचं. ते सगळे हातमोजे कापायचे, ते काम मामांचं. कारखान्यातला जो तो त्यांना मामा म्हणे, पण खरे मामा ते एकट्या टेपबाईचे. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. मामा-मामींनी तिला घरी आणलं, वाढवलं, शिकवलं, आणि पुढे मामांनीच तिला इथे आणून तिच्या गळ्यात टेप घातली.

आता भाचीनं मामाचं काम तपासायचं म्हणजे लोक बोलणारच. म्हणून मालकीणबाईंनी नियम केला होता: माप टेपबाईनं घ्यायचं आणि आकडे कॉम्प्युटरवरच्या शीटमध्ये भरायचे, उत्तर मात्र व्यवस्थापकांनी काढायचं. भाचीनं उत्तराकडे फिरकायचं नाही. टेपबाईला हा नियम पटला होता. सोमवारी तिनं सगळे डावे मोजून डाव्या रकान्यात भरले, मंगळवारी सगळे उजवे मोजून उजव्या रकान्यात, आणि फाइल बंद करून घरी गेली. आज बुधवार. आता तो नियम तिच्याच घशात अडकला होता.

त्यात या कारखान्याची एक जुनी रीत अशी, की डावे हातमोजे एका टेबलावर शिवायचे आणि उजवे दुसऱ्या. मनगटाच्या आत नंबराची पट्टी असते. एक ते एकशेवीस डावे एका खोक्यात, एक ते एकशेवीस उजवे दुसऱ्या खोक्यात. पाठवायच्या दिवसापर्यंत जोडीतल्या दोघांची गाठ पडत नाही. त्यामुळे ही जोडी बेजोड आहे हे कुणी डोळ्यांनी पाहिलं होतं म्हणाल, तर कुणीच नाही. शीटनं सांगितलं आणि सगळ्यांनी मान डोलावली.

पटण्यासारखं कारणही तयार होतं. तीन महिन्यांपूर्वी मामांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. कापताना चामड्यावर ठेवायला लहान, मध्यम आणि मोठं अशा तीन मापांचे पुठ्ठे असतात, त्यातले डाव्या हाताचे पुठ्ठे मामांच्या डाव्या बाजूला टांगलेले असत. म्हातारा माणूस, डोळा नवा, मोठा समजून लहान पुठ्ठा उचलला असणार. बोलताना सगळे हळहळत होते, पण चार वाजता काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मामांची कात्री काढून घेणार आणि त्यांना खोक्यांना दोरी बांधायच्या कामावर बसवणार.

टेपबाई कटिंगच्या खोलीत गेली. मामा आपली मोठी कात्री जुन्या फलाटीनच्या तुकड्यात गुंडाळत होते. एकतीस वर्षं वापरलेली कात्री. दांड्याला अंगठ्याच्या जागी खळगा पडला होता.

"मामा, हे काय चाललंय तुझं?"

"तेल लावून ठेवतोय. पुढच्या माणसाला गंजलेली मिळू नये."

"अजून चार वाजायचेत."

"वाजतील की. घड्याळ काय माझ्यासाठी थांबणार आहे?" मामांनी दोरीची गाठ मारली. "पोरी, माणसानं सांगितलं असतं ना, तर भांडलो असतो. पण आकड्याचा माझ्यावर काय राग असणार? आणि माप तू घेतलंयस. तू चुकणार नाहीस, हे मला पक्कं माहीत आहे."

"म्हणजे चूक तुझीच?"

"मला तर वाटत होतं, लख्ख दिसतंय. पण ज्याला दिसत नाही, त्याला आपल्याला दिसत नाही हे तरी कसं दिसावं?" ते हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. "मामीला एवढ्यात सांगू नकोस. तीन महिने घड्याळाचा गजर लावून थेंब घातलेत तिनं डोळ्यात. दिवसातून चार वेळा. एक दिवस चुकवला नाही बिचारीनं."

टेपबाईला रडू आलं. आणि रडू आलं की तिला राग येत असे, हा तिचा लहानपणापासूनचा स्वभाव. ती तडक व्यवस्थापकांच्या खोलीकडे निघाली.

या व्यवस्थापकांची ओळख करून दिली पाहिजे. माणूस वाईट नव्हता. वेळेवर येणारा, कुणाचं अडवून न ठेवणारा. पण दोन खोडी होत्या. एक, टापटिपीचं वेड. टेबलावरच्या पेन्सिलीसुद्धा लहानापासून मोठीपर्यंत ओळीत लावलेल्या. दुसरी खोड म्हणजे नन्नाचा पाढा. काहीही विचारा, तोंडातून पहिला शब्द 'नाही' निघायचा, विचार नंतर यायचा. "साहेब, चहा?" "नाही," आणि मग कप पुढे ओढून घ्यायचे. चहावाल्यानं विचारणं कधीच सोडून दिलं होतं. "साहेब, पाऊस पडतोय का?" "नाही," हातात छत्री झटकत. पाठीमागे सगळे त्यांना नन्नासाहेब म्हणत. लग्नात ते 'हो' कसे म्हणाले, हा कारखान्यातला न सुटलेला प्रश्न होता.

"साहेब, ती शीट मला दाखवता?"

"नाही."

"एकदाच बघते."

"नाही. नियम आहे."

टेपबाईनं अगदी गोड आवाजात विचारलं, "मग साहेब, मी इथेच तुमच्यासमोर बसून शीट नुसती उघडून बघितली, कशाला हात लावला नाही, तर तुमची काही हरकत आहे का?"

"नाही," नन्नासाहेब म्हणाले. आणि मग त्यांनी जीभ चावली. "नाही, म्हणजे..."

पण टेपबाई तोवर खुर्ची ओढून बसलीसुद्धा होती. हरकत नाही म्हटल्यावर हरकत कशी घ्यायची, हे नन्नासाहेबांना सुचेना.

शीट उघडली. पहिला रकाना नंबरांचा, दुसरा डाव्याचा, तिसरा उजव्याचा. खाली एका चौकटीत सूत्र आणि त्याचं उत्तर, एक्याऐंशी. टेपबाईनं आधी सूत्रच तपासलं. सूत्रात खोट निघावी अशी तिची फार इच्छा होती. पण सूत्र सरळ होतं: प्रत्येक ओळीतला डावा घे, त्यातून उजवा वजा कर, अधिक-उणं विसर, फरक तीनपेक्षा जास्त असेल तर एक मोज. ओळीमागून ओळ, एकशेवीस वेळा. बरोबर होतं. हे सूत्र तिनं स्वतः लिहिलं असतं तरी असंच लिहिलं असतं.

मग तिनं नुसत्या बेरजा करून पाहिल्या. बाजूला रिकाम्या चौकटीत, आणि तेवढ्यापुरतं 'हात लावणार नाही' हे वचन मोडून. सगळ्या डाव्यांची बेरीज दहा हजार त्र्याऐंशी. सगळ्या उजव्यांची दहा हजार ऐंशी.

"साहेब, बघा. एकशेवीस डावे आणि एकशेवीस उजवे, सगळे मिळून फरक तीन मिलिमीटर. मामाचा हात एवढा बिघडला असता, तर हे जुळलं असतं?"

"बेरजेचं काय घेऊन बसलात?" नन्नासाहेबांनी चष्मा पुसला. "एका जोडीत डावा लहान, दुसऱ्या जोडीत डावा मोठा. बेरीज जुळणारच. बेरीज जुळली म्हणून जोडी जुळत नाही, बाई."

खरं सांगायचं तर यात नन्नासाहेबांचं काही चुकलं नव्हतं. टेपबाईलाही ते कळलं आणि तिचा चेहरा उतरला. हताश होऊन ती शीट खालून वर सरकवू लागली. बेजोड ठरलेल्या ओळी लाल, जुळलेल्या पांढऱ्या, पुन्हा लाल. सरकत सरकत ती पहिल्या ओळीपाशी आली.

नंबर एक. डावा सत्त्याहत्तर.

ती थांबली. सत्त्याहत्तर म्हणजे लहान माप. पण सोमवारी सकाळी पहिलाच डावा हातमोजा हातात घेतला, तेव्हा तो केवढा थोरला होता हे तिला चांगलं आठवत होतं. तो हातात घालून तिनं झाडूवाल्या मावशींना सलाम ठोकला होता आणि मावशी म्हणाल्या होत्या, "अगं, यात तू अख्खी मावशील." तो लहान कसा असेल?

तिनं दुसरी ओळ पाहिली. सत्त्याहत्तर. तिसरी, सत्त्याहत्तर. मग अठ्ठ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर. ती खाली उतरू लागली. एकोणऐंशी. त्र्याऐंशी. चौऱ्याऐंशी. नव्वद. शेवटी एक्क्याण्णव. डाव्या रकान्यातले आकडे शाळेच्या कवायतीला उभे राहावेत तसे उंचीप्रमाणे उभे होते. आणि शेजारचे उजवे मात्र मंगळवारी तिनं भरले तसेच, वेडेवाकडे, लहान-मोठे मिसळलेले.

तिनं खुर्ची नन्नासाहेबांकडे वळवली.

"साहेब, डाव्या रकान्याला तुम्ही हात लावला होतात?"

"नाही."

तिनं पडद्याकडे बोट केलं. नन्नासाहेबांची नजर पेन्सिलींवर गेली.

"नाही, म्हणजे नीट लावला फक्त. लहानापासून मोठ्यापर्यंत. किती गचाळ दिसत होतं ते! काल संध्याकाळी लावला, नंतर उजवाही लावणार होतो. तेवढ्यात फोन आला."

"लावताना कॉम्प्युटरनं काही विचारलं?"

"विचारलं काहीतरी. शेजारचे रकानेही सोबत हलवायचे का, असं."

"आणि तुम्ही काय उत्तर दिलंत?"

नन्नासाहेबांनी एक पेन्सिल उचलून पुन्हा ओळीत ठेवली. बोलायची गरजच नव्हती. खोलीत दोघांनाही ते उत्तर ऐकू आलं.

टेपबाईला हसूही आलं आणि त्या माणसाच्या डोक्यात सगळ्या पेन्सिली खुपसाव्यात असंही वाटलं. सूत्राला बिचाऱ्याला ओळ तेवढी कळते. त्या ओळीत कुणाला कुणाशेजारी बसवलंय, ते त्याला कुठलं कळायला? एकाचा डावा, दुसऱ्याचा उजवा, आणि मधल्यामध्ये मामांची एकतीस वर्षं.

"उलटं फिरवता येईल ना?" नन्नासाहेबांनी बारीक आवाजात विचारलं.

या वेळी 'नाही' म्हणायची पाळी टेपबाईची होती. फाइल त्यांनी रात्रभरासाठी बंद करून टाकली होती. कुठला डावा कुठल्या नंबराचा, हे आता शीटला सांगता येणार नव्हतं. ते फक्त खोक्यातल्या हातमोज्यांना माहीत होतं.

ती उठली, धावतच पाठवणीच्या खोलीत गेली. दोन्ही खोक्यांना दोऱ्या बांधलेल्या होत्या. तिनं दातांनी गाठ सोडली. शीटमध्ये सतरा नंबरची ओळ लालभडक होती: डावा अठ्ठ्याहत्तर, उजवा नव्वद, फरक बारा. तिनं डाव्या खोक्यातून सतरा नंबर काढला, उजव्या खोक्यातून सतरा नंबर काढला, आणि दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवले, आपण हात जोडतो तसे. बोटाला बोट, अंगठ्याला अंगठा. केसाएवढाही फरक नव्हता.

ती तिथेच खोक्यावर बसली आणि मनसोक्त रडली. या वेळी राग आला नाही.

चार वाजता मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बाई सत्तरीच्या, बोलणं मोजकं. त्यांनी सतरा नंबरची जोडी हातात घेऊन पाहिली, बाजूला ठेवली.

"एका जोडीवरून मी एकशेवीसचं मानणार नाही," त्या म्हणाल्या. "डावे सगळे पुन्हा मोजायचे. आत्ता, माझ्यासमोर. आकडे टेपबाई भरेल. माप मात्र तिनं घ्यायचं नाही. माप हे घेतील." त्यांनी नन्नासाहेबांकडे बोट केलं. "नीटनेटकेपणाची एवढी हौस आहे ना?"

खोकं आलं. नन्नासाहेबांनी गळ्यात टेप घातली. मामा भिंतीशी उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. ते कुणाकडेच बघत नव्हते, आपल्या हातांकडे बघत होते.

"नंबर एक," नन्नासाहेब म्हणाले. "नव्वद."

टेपबाईनं सत्त्याहत्तर पुसून नव्वद भरलं. पहिली ओळ लालची पांढरी झाली आणि खालच्या चौकटीत एक्याऐंशीचे ऐंशी झाले.

"मामा, बघ," ती म्हणाली. मामांनी मान वर केली नाही.

नंबर दोन. नंबर तीन. काही ओळी आधीच पांढऱ्या होत्या, त्या पांढऱ्याच राहिल्या. लाल होत्या त्या एकेक करून विझत गेल्या. दहा ओळींनंतर चौकटीत चौऱ्याहत्तर. मालकीणबाई आपली खुर्ची सोडून टेपबाईच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. तीस ओळींनंतर एकसष्ट. नन्नासाहेबांच्या कपाळावर घाम आला, पण माप अगदी नेटकं घेत होते, डोळ्याला लावून, टेप ताणून. साठ ओळींनंतर एक्केचाळीस.

आता मामा भिंत सोडून दोन पावलं पुढे आले होते.

"नव्वदावा. अठ्ठ्याहत्तर." चौकटीत वीस. "शंभरावा. चौऱ्याऐंशी." चौदा.

"आता किती?" मामांनी विचारलं. खोलीत आल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"चौदा, मामा. आणि वीस ओळी राहिल्यात."

एकशेतीन नंबरला ओळ लाल होती ती लालच राहिली. डावा नव्वद, उजवा शहाऐंशी. टेपबाईनं आकडा पुन्हा तपासला, नन्नासाहेबांनी माप पुन्हा घेतलं. फरक चार. पण पुढच्या ओळी पुन्हा विझू लागल्या. नऊ. सहा. तीन. एकशेविसावा हातमोजा टेबलावर ठेवला गेला, तेव्हा चौकटीत एकच आकडा उरला होता, आणि तोही एकच. एक.

मामा पुढे आले, एकशेतीन नंबरची जोडी उचलून त्यांनी खिडकीपाशी नेली, उजव्या हातमोज्याचं मधलं बोट चिमटीत धरलं.

"ही चूक माझी," ते म्हणाले. "चामडं काठाला पातळ होतं. ताणून कापलं, नंतर आटलं. उद्या दुसरा कापून देतो." मग ते थांबले. हातमोजा उलटापालटा करून पाहिला. "पण हा तर उजवा आहे."

"मग?" मालकीणबाई म्हणाल्या.

"ऑपरेशन झालं तो डोळा डावा!"

आधी टेपबाई हसली, मग मालकीणबाई, मग मामा असे हसले की त्यांना भिंतीला हात लावावा लागला. डाव्या डोळ्याच्या अंगचे एकशेवीसच्या एकशेवीस डावे अगदी बरोबर होते आणि जी एक चूक झाली होती, ती धडधाकट डोळ्याच्या बाजूला. नन्नासाहेब टेप गुंडाळत खाली मान घालून उभे होते. त्यांनाही हसायचं होतं, पण परवानगी आहे की नाही ते कळत नव्हतं.

मालकीणबाईंनी डोळे पुसले आणि त्यांच्याकडे वळल्या. "काय हो, मग मामांना कटिंगच्या टेबलावरून हलवायचं का?"

"नाही!" नन्नासाहेब एवढ्या मोठ्यानं म्हणाले की बाहेरच्या शिलाई मशिनी थांबल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा पहिला शब्द आणि मागाहून आलेला विचार एकच होते. मग ते मामांसमोर गेले. "मामा, चुकलं माझं. विचारलेलं धड वाचलंसुद्धा नाही."

"असू दे, साहेब," मामा म्हणाले. "मी तरी कुठे वाचलं? आकडा बघितला आणि कात्री गुंडाळली. एका डाव्याला उजवा लावून बघावा, एवढंसुद्धा सुचलं नाही मला."

कटिंगच्या खोलीत जाऊन मामांनी गाठ सोडायला घेतली. सकाळी फारच घट्ट मारली होती. टेपबाई मदत करायला पुढे झाली, पण त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि स्वतःच सोडवली. फलाटीनचा तुकडा खिशात घातला, कात्री दोनदा हवेत चालवून पाहिली आणि जागेवर टांगली.

"तू त्या माणसाकडून फाइल काढलीस तरी कशी?" त्यांनी विचारलं.

तिनं सांगितलं. मामा घरापर्यंत हसत होते.

संध्याकाळी मामींनी दार उघडलं तेव्हा गजर नुकताच वाजला होता आणि त्यांच्या हातात थेंबांची बाटली होती. त्यांनी मामांना खुर्चीत बसवलं, मान मागे करवली, डावा डोळा दोन बोटांनी उघडला. मग त्या थबकल्या आणि जवळ वाकून पाहू लागल्या.

"डोळा लाल का झालाय? रडलात की काय? आणि ही पोरगीही सुजल्या तोंडानं उभी आहे. कारखान्यात काही झालं का आज?"

"नाही," मामा म्हणाले.

"नाही," टेपबाई म्हणाली.

दोघांचं एकाच क्षणी निघालं. मामांना हसू आवरेना, डोक्याला हिसका बसला आणि थेंब डोळ्यात न पडता गालावर पडला.

"हलू नका म्हटलं ना!" मामी ओरडल्या आणि त्यांनी दुसरा थेंब धरला.